सोलापूरहून विजापूर : एका दिवसात, गाईड घेऊन

सोलापूर ते विजापूर अंतर साधारण १०० किलोमीटर. पहाटे निघून अंधार पडता-पडता घरी परतता येईल, एवढंच. तरीही बहुतेक मंडळी गोलघुमट पाहतात, जेवतात आणि परत फिरतात. इब्राहिम रोजा हा मकबरा म्हणजे विजापुरातलं सर्वांत देखणं काम, पण तो शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला असल्यामुळे राहून जातो. कारण वेळेचं नसतं, क्रमाचं असतं. घुमट सकाळी लवकर, मधलं शहर दुपारच्या आत आणि रोजा सर्वांत शेवटी, निवांतपणे, हा क्रम पाळला तर आठ ठिकाणं एका दिवसात आरामात होतात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून विजयपुरा आहे. बसची पाटी, रेल्वेचं तिकीट, रस्त्यावरचे फलक सगळीकडे हेच नाव दिसेल. ऑनलाइन तिकीट काढताना ‘विजापूर’ टाकून काही सापडलं नाही, तर हे नाव टाकून पाहा.

दिवस निवडताना

शुक्रवार टाळा. गोलघुमटासमोरच्या नगारखान्यात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, ते शुक्रवारी बंद असतं. शिवाय दुपारच्या नमाजाच्या वेळी जुम्मा मशिदीत पाहुण्यांनी जाणं बरं नाही. शनिवार-रविवारी गर्दी असते, आणि डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात. मंगळवार, बुधवार, गुरुवार उत्तम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली असते. एप्रिल-मे मध्ये जायचंच असेल तर दुपारी १२ ते ४ हा वेळ उघड्या जागी जाणार नाही, असा बेत हवा. बारा कमान, उपली बुरूज आणि मलिक-ए-मैदान ही तोफ, या तिन्ही ठिकाणी सावली जवळपास नाहीच.

जायचं कसं

स्वतःची गाडी असेल तर राष्ट्रीय महामार्ग ५२. सोलापूर सोडलं की नांदणीचा टोलनाका, मग टाकळीजवळ भीमा नदी. पूल ओलांडला की धुळखेड, म्हणजे कर्नाटक. पुढे झळकी, होर्ती आणि विजापूर. रस्ता चौपदरी आहे, दोन तास धरा. फास्टॅगमध्ये आदल्या रात्रीच पैसे भरून ठेवा.

भाड्याची गाडी करणार असाल तर मालकाला एकच प्रश्न विचारा : गाडीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का? पिवळ्या पाटीच्या गाडीला फक्त महाराष्ट्राचं परमिट असेल, तर कर्नाटकात शिरताना तात्पुरतं परमिट आणि कर भरावा लागतो. तो कोण भरणार हे आधी ठरलेलं नसलं की सकाळचा मोलाचा अर्धा तास सीमेवरच्या वादात जातो. ‘परमिट, टोल, पार्किंग धरून’ एकच रक्कम ठरवा आणि ती मेसेजवर लिहून घ्या.

एसटीने जाणाऱ्यांसाठी सोलापूर स्थानकातून महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्ही महामंडळांच्या गाड्या सुटतात. वेळ अडीच तासांच्या आसपास. महिलांना एसटीत मिळणारी अर्ध्या तिकिटाची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, पुढचं भाडं पूर्ण द्यावं लागतं. कर्नाटकातला महिलांचा मोफत प्रवास तिथल्या रहिवाशांसाठी आहे. महाराष्ट्राचं आधारकार्ड दाखवून तो मिळत नाही, त्यासाठी कंडक्टरशी हुज्जत घालू नका. परतीच्या वेळी कर्नाटकच्या गाडीची पाटी कन्नडमध्ये असते, तेव्हा पाटी वाचण्याच्या नादाला न लागता चौकशी खिडकीवर सोलापूरचा फलाट विचारा. मराठी आणि हिंदी दोन्ही समजतं.

रेल्वे होटगीमार्गे जाते. स्टेशन शहराच्या पूर्वेला, गोलघुमटापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, हा मोठा फायदा. मात्र जाणारी सकाळची आणि येणारी संध्याकाळची अशा दोन्ही गाड्या सोयीच्या मिळतीलच असं नाही. वेळापत्रक पाहून एक बाजू रेल्वेने आणि दुसरी बसने केलीत तरी चालेल.

गाईड : कुठे घ्यायचा, काय ठरवायचं

गाईड गोलघुमटाच्या फाटकाशी भेटतात. ओळखपत्र पाहून घ्या. पर्यटन विभागाची मान्यता असलेल्याकडे ते असतंच आणि तो ते स्वतःहून दाखवतो. सकाळी सातला पोहोचणार असाल तर फाटकाशी कोणी नसण्याचीच शक्यता जास्त. म्हणून आदल्या दिवशी फोन करून ठरवणं चांगलं. पर्यटन खात्याच्या स्थानिक कार्यालयातून किंवा तिथल्या हॉटेलातून नंबर मिळतो.

बोलणी करताना चार गोष्टी स्पष्ट हव्यात. पहिली, फक्त घुमट की पूर्ण दिवस. गाईड पहिला आकडा सांगतो तो पुष्कळदा एकट्या घुमटाचा असतो, आणि तासाभराने ‘पुढचं वेगळं’ असं ऐकायला मिळतं. दुसरी, भाषा. हिंदी सगळ्यांना येते, काहींना मराठीही चांगली येते. घरात ज्येष्ठ असतील तर मराठी बोलणारा मागून घ्या. तिसरी, ठिकाणांची नावं. ‘सगळं दाखवतो’ या शब्दावर जाऊ नका. कागदावर क्रमाने लिहून द्या : गोलघुमट, जुम्मा मशीद, मेहतर महाल, असर महाल, गगन महाल, बारा कमान, मलिक-ए-मैदान आणि उपली बुरूज, इब्राहिम रोजा. मलिक-ए-मैदान आणि उपली बुरूज एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, त्यामुळे ते एकच ठिकाण धरलं आहे. चौथी, बसायची जागा. पाच जणांच्या गाडीत पाच जण गेलात तर गाईड बसणार कुठे? तो मागून दुचाकीने येतो, दोन ठिकाणांच्या मधलं सांगणं बुडतं आणि चुकामूक होते ती वेगळीच. चौघंच जा किंवा मोठी गाडी करा.

पैसे शेवटी द्या. दिवस रोज्यापाशी संपणार असल्यामुळे तिथून घुमटापर्यंत परत जायला गाईडला रिक्षाचे पैसे वेगळे द्यावेत. अंतर चार-पाच किलोमीटर आहे.

गाडी नसेल तर दिवसभरासाठी रिक्षा करा. टांगाही मिळतो आणि जुम्मा मशीद ते बारा कमान या मधल्या टप्प्यात त्याची मजा आहे, पण आठही ठिकाणं टांग्याने करायला गेलात तर रोज्याला पोहोचेपर्यंत उजेड कमी झालेला असेल. रिक्षावाल्याशीही तोच लिहिलेला कागद वापरा आणि ‘थांबण्याचे पैसे धरून’ हे शब्द मुद्दाम वापरा.

गोलघुमट : सकाळी ७ ते ९

पहाटे पाचला निघालात तर सातला पोहोचाल. तिकीट भारतीयांना २५ रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना नाही. क्यूआर कोड स्कॅन करून काढलं तर थोडं स्वस्त पडतं. इब्राहिम रोज्याचं तिकीट वेगळं, तेही तेवढंच.

लवकर जाण्याचा आग्रह एका कारणासाठी आहे : इथे पाहण्याइतकंच ऐकण्यासारखंही आहे, आणि ऐकायला शांतता लागते. साडेनऊनंतर शाळेच्या दोन बस आल्या की सज्जात चाळीस मुलं एकाच वेळी ओरडत असतात. मग बोललेलं एक अक्षर समोर पोहोचत नाही आणि लोक ‘काही खास नाही’ म्हणत खाली उतरतात.

आत शिरल्यावर लगेच जिन्याकडे धावू नका. दहा मिनिटं खाली मध्यावर उभे राहा आणि गाईडला घुमट कशावर उभा आहे ते विचारा. खालची इमारत चौरस, प्रत्येक बाजू सुमारे ४७ मीटर; वरचा घुमट गोल, बाहेरून व्यास सुमारे ४४ मीटर. एवढ्या दालनात मध्ये एकही खांब नाही. चौरसावर वर्तुळ बसवण्यासाठी आठ मोठ्या कमानी एकमेकींना छेदत घेतल्या आहेत. कमानींच्या छेदांतून कोपरे आत-आत येत जातात, चौरसाचा आधी अष्टकोन होतो आणि त्यावर घुमटाचं वजन टेकतं. हे छेद खालून स्पष्ट दिसतात, कोणीतरी बोटाने दाखवावे मात्र लागतात. गाईडचे पैसे इथेच वसूल होतात. घुमटाचा वास्तुकार याकूत हा दाबुळचा, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळचा, असं मानलं जातं.

मधल्या ओट्यावर दिसतात त्या नुसत्या खुणेच्या समाध्या. खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत. मुहम्मद आदिलशहा (कारकीर्द १६२७ ते १६५६), त्याच्या बेगमा, मुलगी, नातू आणि रंभा ही त्याची नर्तकी, अशा त्या सांगितल्या जातात. दक्षिण दरवाज्यावरचा फारसी लेख वाचून दाखवायला सांगा. त्यात तीन तुकडे आहेत आणि अक्षरांच्या आकड्यांची बेरीज केली की तिन्हींतून एकच साल निघतं : हिजरी १०६७, म्हणजे बादशहाच्या मृत्यूचं वर्ष.

आता जिना. चार कोपऱ्यांत सातमजली मनोरे आहेत, त्यांतल्या जिन्याने वर जायचं. पायऱ्या उंच, अरुंद आणि मधेमधे अंधाऱ्या. चढणारे-उतरणारे एकाच वेळी आले तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. गुडघ्यांचा त्रास, चक्कर किंवा बंद जागेची भीती असणाऱ्यांनी खालीच थांबावं. खालचं दालन पाहिलं तरी घुमटाची भव्यता कळते. बाकीच्यांनी प्रत्येक मजल्यावर खिडकीपाशी अर्धा मिनिट थांबत चढावं. पाठीवरच्या पिशव्या खाली कोणाकडे तरी ठेवा. कापडी मोजे जवळ असू द्या, चपला काढायच्या ठिकाणी ते उपयोगी पडतात.

सज्जा घुमटाच्या आत, जमिनीपासून सुमारे ३३ मीटर उंचीवर आहे. कुजबुजीचा प्रयोग बहुतेक जण चुकीचा करतात : मधल्या पोकळीकडे तोंड करून समोरच्याला हाक मारतात. आवाज पोकळीतून न जाता भिंतीच्या वक्र पृष्ठभागालगत सरकत जातो. म्हणून एकाने भिंतीपासून वीतभर अंतरावर, भिंतीकडे तोंड करून हळू बोलायचं. दुसऱ्याने बरोबर समोरच्या बाजूला, सुमारे ३८ मीटर पलीकडे, भिंतीला कान देऊन उभं राहायचं. बाकीच्यांनी गप्प राहायचं. कुजबूज स्वच्छ ऐकू येते, कागद फाडल्याचा आवाजसुद्धा पोहोचतो. प्रतिध्वनीसाठी एकच टाळी वाजवा आणि मोजा. दुसरी टाळी लगेच वाजवली की दोन्हींचे प्रतिध्वनी मिसळतात आणि नुसता गलका होतो. लहान मुलांचे हात धरा, आतला कठडा रेलायला नाही.

उतरल्यावर नाश्ता करून घ्या. संग्रहालय दहाला उघडतं, तेवढा वेळ बरोबर भरतो. शिलालेख, शस्त्रं, गालिचे, चिनी मातीची भांडी असा संग्रह आहे. पाऊण तास पुरे. मुलं कंटाळली असतील तर हे वगळा, पण संग्रहालयाची ही इमारत म्हणजेच घुमटाचा नगारखाना आहे, तेवढं बाहेरून तरी पाहा.

मधलं शहर : पावणेअकरा ते एक

जुम्मा मशीद पहिल्या अली आदिलशहाने बांधायला घेतली, तालिकोटच्या १५६५ च्या लढाईनंतर. इथे रोज नमाज होतो, त्यामुळे खांदे-गुडघे झाकणारे कपडे आणि डोक्यावर रुमाल किंवा ओढणी हवी. आतल्या जमिनीवर एकेका माणसाच्या नमाजाचे चौकोन आखले आहेत, २,२५० इतके; हे काम औरंगजेबाच्या काळातलं. मिहराबावरची, म्हणजे मक्केच्या दिशेच्या भिंतीतल्या कोनाड्यावरची, सोनेरी रंगकला १६३६ ची आहे आणि ती पडद्याआड असते. पडदा स्वतः ओढू नका, तिथल्या सेवकाला विनंती करा.

तिथून गगन महालाकडे जाताना वाटेत मेहतर महाल लागतो. नाव महाल, पण आहे एका मशिदीचं प्रवेशद्वार. रस्त्यावर उभं राहून मान वर करून सज्ज्याखालचे दगडी तीर, म्हणजे सज्जा पेलणारे आधार, पाहा. लाकडात कोरावं इतकं नाजूक काम दगडात आहे. दहा मिनिटं पुरतात. असर महालात पैगंबरांचे पवित्र अवशेष जपलेले आहेत, आतल्या भागात स्त्रियांना प्रवेश नाही. हे आधीच माहीत असलं म्हणजे दारात हिरमोड होत नाही. समोरचा हौद आणि उंच लाकडी खांबांची उघडी ओसरी सगळ्यांना पाहता येते.

गगन महाल १५६१ चा. मधल्या कमानीचा गाळा १८ मीटरच्या वर आहे. छत गेलं, कमान राहिली. सप्टेंबर १६८६ मध्ये औरंगजेबासमोर शेवटचा आदिलशहा सिकंदर याला चांदीच्या बेड्या घालून हजर केलं ते इथेच, असं सांगतात. जवळच बारा कमान : दुसऱ्या अली आदिलशहाचा अपुरा राहिलेला मकबरा, उंच जोत्यावर काळ्या दगडाच्या नुसत्या कमानी. गोलघुमटावर हिची सावली पडली असती म्हणून काम थांबवलं, ही गोष्ट प्रत्येक गाईड सांगतो. ऐकायला छान आहे. अशा प्रत्येक गोष्टीनंतर गाईडला नम्रपणे विचारा, ‘हे लेखात आहे की ऐकीव?’ चांगला गाईड या प्रश्नाने खुलतो आणि पुढे स्वतःच दोन्ही वेगळं करून सांगू लागतो.

जेवण

एक ते सव्वादोन. खानावळीत जा. ज्वारीची भाकरी, भरलेली वांगी म्हणजे तिथली एण्णेगायी, एखादी पालेभाजी किंवा मोडाची उसळ, शेंगाची चटणी, दही. सोलापूरकरांना ही चव परकी वाटणार नाही. अडीचनंतर गरम भाकरी मिळेल याचा भरवसा नसतो. पाण्याच्या बाटल्या इथेच भरून घ्या आणि बाकीचंही उरकून घ्या, पुढच्या दोन ठिकाणी सोय मिळेलच असं नाही.

मलिक-ए-मैदान आणि उपली बुरूज

ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला, निजामशाहीत ओतली गेली. ओतणाऱ्याचं नाव मुहम्मद बिन हसन रूमी, ते तोफेवरच कोरलेलं आहे. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला आली. लांबी साडेचार मीटरच्या आत-बाहेर, वजन सुमारे ५५ टन, धातू पंचरशी, म्हणजे मिश्रधातू. तोंडाशी जबडा वासलेला सिंह आणि त्याच्या जबड्यात हत्ती कोरला आहे. तोफेवर औरंगजेबाने विजापूर जिंकल्याचा लेखही आहे. दोन्ही लेख दाखवायला सांगा, एकाच धातूवर दोन राजवटी वाचता येतात. बोटांच्या पेरांनी टकटक केलं तरी घंटेसारखा नाद येतो. दगडाने ठोकू नका, तसे ओरखडे पुरेसे झाले आहेत.

उपली बुरूज म्हणजे हैदर बुरूज, १५८४ चा, सुमारे २४ मीटर उंच. जिना बाहेरून वळसे घेत जातो आणि त्याला धड कठडा नाही. पावसात पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा चढू नका. वर दोन लांबलचक तोफा आहेत, मोठी नऊ मीटरहून अधिक. इथून सकाळी पाहिलेला घुमट शहराच्या पलीकडे दिसतो आणि नकाशा डोक्यात बसतो.

इब्राहिम रोजा : सव्वातीन ते पावणेपाच

दीड तास राखून ठेवाच. एकाच जोत्यावर समोरासमोर दोन इमारती : पूर्वेला मकबरा, पश्चिमेला मशीद, मधे हौद. दुपारनंतर ऊन मकबऱ्याच्या पश्चिम अंगावर पडतं आणि कोरीवकाम उठून दिसतं. सकाळी तीच बाजू सावलीत असते. रोजा शेवटी ठेवायचं हे खरं कारण. जोत्यावर चपला काढाव्या लागतात आणि दगड तापलेला असतो, तेव्हा मोजे पुन्हा बाहेर काढा.

दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने (१५८० ते १६२७) हा मकबरा राणी ताज सुलताना हिच्यासाठी बांधायला घेतला, पुढे तो स्वतःही इथेच पुरला गेला. वास्तुकार मलिक संदल. तीन गोष्टी गाईडकडून सावकाश समजून घ्या. खिडक्यांच्या जाळ्या : अरबी अक्षरंच कोरून जाळी केली आहे, अक्षरांमधून प्रकाश आत येतो. आतलं छत : सुमारे १२ मीटर चौरस दालनावर दगडी छत जवळजवळ सपाट आहे, आणि त्याला खाली कुठलाही आधार दिसत नाही. तिसरी, छज्ज्याच्या कोपऱ्यांत लोंबणाऱ्या दगडी साखळ्या. काही तुटल्या आहेत, उरलेल्यांपैकी एक नीट पाहा, कड्या सुट्या हलतील अशा एकाच दगडातून कोरल्या आहेत. ताजमहालाची कल्पना यावरून सुचली, असंही ऐकायला मिळेल. त्याला पुरावा नाही, आणि रोज्याला त्याची गरजही नाही.

पावणेपाच-पाचला निघालात तर सातच्या सुमारास सोलापूर. बसने जाणाऱ्यांनी साडेचारलाच आवरतं घ्यावं, संध्याकाळी बसायला जागा मिळणं अवघड होतं.

सकाळी उशीर झाला, टायर पंक्चर झालं, पाऊस आला, तर काय गाळायचं याचा क्रम असा : आधी संग्रहालय, मग असर महाल, मग उपली बुरूज, मग गगन महाल. दहानंतर पोहोचलात तर घुमटाकडे जाऊच नका. थेट मधलं शहर घ्या, रोजा अडीचला गाठा आणि घुमट साडेचारनंतर करा. तोवर सहलींच्या बस परतलेल्या असतात. मात्र सूर्यास्ताच्या सुमारास फाटक बंद होतं आणि वर सोडणं त्याआधीच थांबवतात, म्हणून तिकीट खिडकीवर आधी शेवटची वेळ विचारा, मग जिना चढा.